ऑक्युपेशनल थेरपीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना रुग्णाच्या घरी पाठवा

प्रति,
ऑक्युपेशनल थेरपीचा पदव्युत्तर अभ्यासक्रम ठरवणारे, शिकवणारे आणि त्याची परीक्षा घेणारे सर्व मान्यवर: विद्यापीठाचे अभ्यास मंडळ, राज्य परिषद, वैद्यकीय शिक्षण विभाग आणि राष्ट्रीय आयोग.

विषय: पदव्युत्तर अभ्यासक्रमात जिल्ह्यातील व रुग्णाच्या घरची नेमणूक अनिवार्य करण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

मी मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी ऑक्युपेशनल थेरपिस्ट (व्यवसायोपचार तज्ज्ञ) म्हणून काम करते, म्हणजे आजार, इजा किंवा अपंगत्वानंतर माणसाला रोजची कामं पुन्हा करता यावीत म्हणून उपचार करते. पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण मोठ्या शहरातल्या रुग्णालयात झालं, मग इकडे आले आणि इकडचीच झाले. माझ्या छोट्या केंद्रात नुकतीच एम.ओ.टीएच. (आपल्या शाखेची पदव्युत्तर पदवी) झालेली मुलं-मुली अधूनमधून कामाला येतात. हुशार असतात, मेहनती असतात. त्यांच्याबरोबर गावोगाव फिरताना जे दिसत आलं, त्यावरून हे पत्र लिहिते आहे.

मागणी एकच आहे. पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने किमान तीन महिने जिल्ह्यात राहावं, रुग्णांच्या घरी, गोठ्यात, शेतावर, शाळेत जाऊन काम करावं. हे काम ऐच्छिक नको, अनिवार्य हवं. आणि त्याची परीक्षा व्हायला हवी. यातला शेवटचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण ज्यावर परीक्षेत प्रश्न येत नाही त्याला आपल्याकडे वेळ मिळत नाही.

हे आत्ताच लिहिण्याला कारण आहे. २०२१ च्या कायद्याने संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग आला. आपला व्यवसाय त्याच्या अनुसूचीत आहे आणि शिक्षणाचे किमान दर्जे ठरवण्याचं काम आता देशपातळीवर होणार आहे. आजवर राज्य परिषद, विद्यापीठ आणि आपली अखिल भारतीय संघटना यांनी आपापल्या परीने जे सांभाळलं, ते आता एका चौकटीत बसेल. चौकट एकदा पक्की झाली की पुढची दहा-पंधरा वर्षं तिला कोणी हात लावत नाही. म्हणून जे सांगायचं ते आजच सांगायला हवं.

शिवाय नमुना समोर आहे. एम.डी., एम.एस. करणाऱ्या डॉक्टरांसाठी २०२० मध्ये जिल्हा निवासी कार्यक्रम आला. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमातले तीन महिने प्रत्येकाने जिल्हा रुग्णालयात काढायचे, त्या काळात विद्यावेतन चालू राहतं. शल्यविशारद होऊ पाहणाऱ्याला जिल्हा दाखवणं देशाला गरजेचं वाटलं. आपलं तर सगळं शास्त्रच माणसाच्या रोजच्या कामाभोवती उभं आहे. माणसाचं रोजचं काम वॉर्डात होत नाही, हे आपल्याइतकं दुसऱ्या कोणत्या वैद्यकीय शाखेला ठाऊक असणार?

आपली सुरुवात रुग्णालयात झाली आणि ती योग्यच होती. १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात कमला निंबकर यांनी ऑक्युपेशनल थेरपीचं विद्यालय सुरू केलं, ते आशियातलं पहिलं. जन्माने अमेरिकन असलेल्या, लग्नानंतर निंबकर झालेल्या या बाईंनी दोन वर्षांत राष्ट्रीय संघटनाही उभी केली, आणि १९५२ मध्ये ऑक्युपेशनल थेरपिस्टांचा जागतिक महासंघ स्थापन झाला तेव्हा संस्थापक देशांच्या यादीत भारताचं नाव लागलं. जगातल्या मोजक्या दहा देशांत आपण होतो. आज हे आठवताना मला अभिमान वाटतो, आणि त्याच अभिमानापोटी वाटतं की इतक्या लवकर निघालेल्या गाडीने एव्हाना रुग्णालयाच्या फाटकाबाहेर बरंच लांब जायला हवं होतं. पदवीच्या पातळीवर समाजातलं काम थोडंफार शिकवलं जातं. काही महाविद्यालयांत पदव्युत्तर विद्यार्थ्यांनाही घरभेटींना नेणारे शिक्षक आहेत, ते स्वतःच्या खिशातून रिक्षाचं भाडं देतात, हेही मी पाहिलं आहे. पण ते त्या शिक्षकांच्या तळमळीवर चालतं. शिक्षक बदलले की थांबतं.

आता एक उदाहरण सविस्तर सांगते, कारण मोघम बोलून हा मुद्दा पोचत नाही.

आमच्या भागात कडबाकुट्टीत, म्हणजे गुरांसाठी कडबा कापायच्या यंत्रात, हात जाण्याचे अपघात होतात. साधारण पस्तिशीतला एक शेतकरी, उजवा हात. अनामिका मधल्या पेरापासून गेलेली, तर्जनी आणि मधल्या बोटाचे आकुंचन करणारे स्नायुरज्जू तुटलेले. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात ते शिवले गेले, आणि शिवणारे हात उत्तम होते. पुढचे काही महिने तिथल्याच ऑक्युपेशनल थेरपी विभागात उपचार झाले. हात योग्य स्थितीत धरून ठेवणारी स्प्लिंट वेळेवर दिली, हालचाल वेळेवर सुरू केली, व्रण मऊ केला. डिस्चार्जच्या कागदावर सांध्यांचे अंश आणि डायनॅमोमीटरवरची पकड व्यवस्थित लिहिलेली होती. आकडे खरोखर चांगले होते. ज्यांनी हे काम केलं त्यांच्याबद्दल मला आदरच आहे.

तो माझ्याकडे आला तेव्हा म्हणाला, "ताई, हात बरा झाला, पण धारा निघत नाहीत." घरी दोन म्हशी. दूध हेच रोजचं रोख उत्पन्न.

माझ्यासोबत तेव्हा एक मुलगी काम करत होती, पदव्युत्तर शिक्षणात तिने हातांच्या उपचारांचाच विषय घेतलेला. स्नायुरज्जूंच्या दुरुस्तीनंतर कोणत्या आठवड्यात किती ताण चालतो हे तिला तोंडपाठ होतं. तिला म्हटलं, उद्या पहाटे त्याच्या गोठ्यात जाऊन बस. ती गेली, परत आली आणि वहीची चार पानं भरून आणली.

धार काढताना अंगठा आणि तर्जनी वरून आचळ बंद करतात आणि मग बाकीची बोटं एकामागून एक मिटत खाली येतात. अनामिका नसली की या रांगेत खिंडार पडतं, करंगळीला जोर मिळत नाही आणि सगळा भार नुकत्याच शिवलेल्या दोन बोटांवर येतो. विभागात तो पुट्टी (व्यायामाचा मऊ गोळा) दाबत होता ती एकदम, सगळ्या मुठीने. बोटं क्रमाने मिटवण्याचा सराव त्याला कधी मिळालाच नव्हता, कारण कोणी धार काढताना पाहिलंच नव्हतं. दुसरी गोष्ट, हात थबकत थबकत चालायला लागला की म्हैस अस्वस्थ होते आणि पान्हा चोरते. म्हणजे मग जास्त वेळ, जास्त जोर, जास्त दुखणं. तिसरी गोष्ट, रात्री घालायची स्प्लिंट सपाट झाली होती. ती ज्या प्लास्टिकची बनते ते गरम पाण्यात मऊ करून हातावर आकार देतात, आणि त्याने ती दिवसभर पत्र्यावर ठेवली होती. मराठवाड्यातल्या एप्रिलच्या उन्हात पत्र्यावर ती वितळली नाही हेच नशीब. उन्हात ठेवू नका हे त्याला सांगितलंही असेल, पण त्याच्या घरात सावलीची कोरडी जागा कोणती, हे कोणी विचारलं नव्हतं.

आणि चौथी गोष्ट पाहून ती मुलगी हादरली. ज्या यंत्रात त्याचा हात गेला होता ते तसंच चालू होतं. कडबा आत सरकवायची गव्हाण आखूड, पुढे कसलंही झाकण नाही, आणि आता त्याची बायको तिथे हाताने कडबा सारत होती.

पुढचं काम मग सोपं होतं. शांत असलेल्या म्हशीपासून सुरुवात, वासरू आधी सोडून पान्हा फुटू द्यायचा, दोन हात आलटून पालटून, बोटं क्रमाने मिटवायचा सराव भरलेल्या रबरी हातमोज्यावर. स्प्लिंट देव्हाऱ्याशेजारच्या फडताळात. गावातल्या सुताराकडून कडबाकुट्टीला लांब गव्हाण आणि वर फळी. यातलं अवघड असं काहीच नाही. पण यातलं काहीही रुग्णालयाच्या खोलीत बसून सुचणारं नाही. त्याच्या बायकोचा हात वाचवणं हा त्या रुग्णाच्या केसपेपरचा भाग कधीच झाला नसता.

या मुलीला मी विचारलं, तुमच्या दोन-तीन वर्षांत एखाद्या रुग्णाच्या घरी किती वेळा गेलीस? ती म्हणाली, प्रबंधाच्या माहितीसाठी एकदा, तेही उपनगरात. तिचा यात काही दोष नाही. तिला जे शिकवलं आणि ज्यात तपासलं, त्यात ती पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली होती.

दुसरं उदाहरण मुलांचं. आमच्याकडून दिवाळीनंतर ऊसतोडीचे कोयते, म्हणजे तोडणीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या, निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा नसणं) असलेलं मूल या घरांतही असतं, आणि तेही ट्रकमध्ये बसून उसाच्या फडावर जातं. पदव्युत्तर शिक्षणात बालरोगाचा विषय घेतलेला विद्यार्थी झोपाळे, मोठे बॉल, कोपऱ्यात बसवायच्या खुर्च्या असलेल्या सुंदर खोलीत शिकतो. आठवड्यातून तीन वेळा या, एवढ्या महिन्यांनी पुन्हा तपासू, असा आराखडा बनवायला शिकतो. कोयत्यावर जाणाऱ्या आईला मी एकदा लाकडी खुर्ची बनवून घ्यायला सुचवलं, तेव्हा ती म्हणाली, "ताई, ट्रकात भांडी, सरपण, म्हातारी, लेकरं सगळे एकावर एक असतेत. ही खुर्ची कुठं ठेवू?"

मग खुर्चीशिवाय बसवायचं कसं, हा प्रश्न उरतो, आणि खरं शास्त्र इथे लागतं. तिच्याच अंगणात आम्ही मातीत खड्डा घेतला. मुलाच्या गुडघ्यापर्यंत पाय आत सोडता येतील इतका खोल, मागे पाठ टेकेल असा कडेचा उभा उंचवटा, मांड्या एकमेकींवर येऊ नयेत म्हणून मधे गुंडाळलेल्या गोधडीची लोळी, आत पोतं. समोर पाट ठेवला की जेवणाला दोन्ही हात मोकळे. आईला मापं बोटांनी आणि वितींनी शिकवली, कारण टेप तिथे नसणार. कोपी (फडाजवळची तात्पुरती झोपडी) जिथे पडेल तिथे तिला हा खड्डा स्वतः घेता आला पाहिजे. आणि आई पहाटेच फडात जाते, म्हणून मुलाला उचलायचं कसं आणि मान सरळ ठेवून भरवायचं कसं, हे त्याच्या नऊ वर्षांच्या बहिणीला शिकवलं. नऊ वर्षांच्या मुलीच्या पाठीला काय झेपेल, तिची शाळा बुडते त्याचं काय, हे प्रश्नही मग त्या थेरपिस्टचेच होतात. ते प्रश्न सुटतात असं मी म्हणत नाही. पण पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या माणसाच्या कानावर ते शिकत असतानाच पडले पाहिजेत.

त्या हंगामात आईने फोनवर फोटो पाठवला. काळ्या मातीतला खड्डा आमच्यापेक्षा नीट होता, आणि तिने पाठीमागच्या कडेला बांगडीच्या आकाराचे उसाचे चकले ठोकून माती धसणार नाही अशी सोय केली होती.

२०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात आपल्याच पालघरमधून झाली. त्यातून जिल्ह्याजिल्ह्यात शीघ्र हस्तक्षेप केंद्रं उभी राहिली. शिक्षण हक्काच्या कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती होऊन तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिक्षण घेण्याचा पर्याय मिळाला. म्हणजे मुलं जिल्ह्यात आहेत, घरात आहेत, आणि शासनाने त्यांच्यापर्यंत जायच्या वाटाही काढलेल्या आहेत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, आणि २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार २१ केल्यावर ही संख्या कमी झालेली नसणार. आपल्या पदव्युत्तर जागा मात्र हाताच्या बोटांवर मोजाव्या अशा मोजक्या शहरांत. प्रत्येक विद्यार्थी तीन महिने जिल्ह्यात आला तर निदान या वाटांवरून कोणी चाललेलं तरी दिसेल.

मोजमापाच्या साधनांबद्दल थोडं. पक्षाघाताच्या रुग्णाला रोजची कामं स्वतः किती करता येतात हे मोजायला आपण सगळे बार्थेल निर्देशांक वापरतो. १९६५ चा, अमेरिकेतला, दहा बाबी, शंभर गुण, आणि कामाचा. त्यात पलंगावरून खुर्चीत जाणं आहे, जिना आहे, शौचालयाचा वापर आहे. जमिनीवरच्या अंथरुणातून उठणं नाही, उकिडवं बसणं नाही, मांडी घालून जेवणं नाही. ज्या आजींच्या घरात खुर्चीच नाही त्यांना आपण खुर्चीत जाण्याचे पंधरा गुण देतो आणि चुलीपुढे बसता येतं का हे विचारायचं राहून जातं. एका विभागात मी लुगडं नेसणाऱ्या आजींना लाकडी फळीवर बटणं लावायचा सराव करताना पाहिलं आहे. आयुष्यात त्यांनी बटणाचं काही घातलं नव्हतं. आजी निमूट लावत होत्या, कारण डॉक्टरांनी सांगितलं होतं. निऱ्या एका हाताने कशा घ्यायच्या, कासोटा कसा खोचायचा, हे शिकवायला आधी स्वतः पाहावं लागतं, विचारावं लागतं, आणि त्यांच्या सुनेच्या मदतीने करून बघावं लागतं. कॅनडात तयार झालेली, रुग्णालाच त्याच्या महत्त्वाच्या कामांची यादी करायला सांगणारी पद्धत आपण शिकवतो. ती मला फार आवडते. पण ओपीडीत टेबलापलीकडे बसलेली बाई "आता काय राहिलं करायचं, बसून खायचं" एवढंच म्हणते. तिच्या ओसरीवर बसलं, चहा घेतला, की तासाभरात दहा कामं निघतात.

मानसिक आरोग्याच्या विषयात हे आणखी खरं आहे. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत आपल्या शाखेने खूप काम केलं आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या १९व्या कलमाने व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क दिला. घरी गेलेला माणूस पुन्हा दुकानात बसतो का, भाऊ त्याच्या हातात पैसे देतो का, सकाळी उठून काय करतो, यावर तो टिकणं अवलंबून आहे. हे कार्यशाळेतल्या विणकामावरून ठरवता येत नाही. मानसिक आरोग्याचा विद्यार्थी आपल्या एका तरी रुग्णाच्या मागे त्याच्या गावापर्यंत गेला पाहिजे.

आता परीक्षेबद्दल. आज प्रात्यक्षिकात विद्यार्थी वॉर्डातल्या किंवा ओपीडीतल्या रुग्णाची केस मांडतो. माझी विनंती अशी की मोठ्या केसेसपैकी एक केस घरातली असावी. विद्यार्थ्याने तिला डिस्चार्जनंतर निदान दोन महिने घरी भेटत राहिलेलं असावं. घराचा आराखडा, दिवसाचं वेळापत्रक, घरातल्या कोणी काय उचललं, कोणता सल्ला टिकला, कोणता सोडून दिला गेला आणि का, हे त्याने परीक्षकांपुढे मांडावं. सोडून दिलेल्या सल्ल्यांवर परीक्षकांनी सगळ्यात जास्त प्रश्न विचारावेत. विद्यार्थी किती खोलात गेला हे तिथे कळतं. परीक्षकांना गावी जायची गरज नाही. रुग्णाच्या संमतीने फोटो, छोटे व्हिडिओ आणि त्या भागातल्या थेरपिस्टची किंवा आशाताईंची सही पुरेशी होईल.

प्रबंधाचंही तसंच. विभागात येणारे तीस रुग्ण, दोन गट, सहा आठवडे, आधी-नंतरचे आकडे, हा साचा वाईट नाही, पण सगळ्यांना त्याच साच्यात घालण्यामुळे एकाच खोलीतले प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात. एका-दोन रुग्णांचा दीर्घ अभ्यास, मराठीत मोजमापाचं साधन तयार करून त्याची कसोटी घेणं, एखाद्या व्यवसायाच्या हालचालींचं बारकाईने विश्लेषण, उदाहरणार्थ उसाची मोळी बांधणं, कापूस वेचणं, भाकरी थापणं, अशा विषयांना मार्गदर्शकांनी आणि नैतिकता समित्यांनी मोकळेपणाने मान्यता द्यावी. कापूस वेचणाऱ्या बाईच्या बोटांवर आपल्या शाखेत किती लिहिलं गेलं आहे, याचा प्रत्येक मार्गदर्शकाने विचार करावा.

अडचणी काय सांगितल्या जातील ते मला ठाऊक आहे, कारण बैठकांत त्या ऐकलेल्या आहेत. पहिली, विभागातला रुग्णभार. पदव्युत्तर विद्यार्थी तीन महिने गेले तर ओपीडी कोण चालवणार? हे दुखणं खरं आहे. पण त्याचं औषध जास्त पदं भरणं हे आहे. विद्यार्थी शिकायला येतो, रिकाम्या पदांची जागा भरायला नाही. विद्यार्थी गटागटाने, पाळीने गेले तर विभाग एकदम ओसही पडणार नाही. दुसरी, घरी जाऊन दिवसात दोनच रुग्ण होतात, त्यात शिक्षण काय होणार? माझ्या अनुभवाने त्या दोन रुग्णांतून मुलं महिनाभराच्या ओपीडीपेक्षा जास्त विचार करायला लागतात. तिसरी, जागतिक मानकं. ही अडचण मुळात अडचणच नाही. जागतिक महासंघाची किमान मानकं पदवीपातळीवर हजार तासांचं प्रत्यक्ष काम मागतात आणि अभ्यासक्रम स्थानिक गरजांशी, स्थानिक संस्कृतीशी जोडलेला असावा असंही सांगतात. अमेरिकेत ऑक्युपेशनल थेरपिस्ट व्हायलाच २००७ पासून पदवीनंतरचं शिक्षण लागतं, आणि त्या शिक्षणात २४ आठवडे पूर्णवेळ प्रत्यक्ष काम असतं. ज्यांना पुढे परदेशी जायचं आहे त्यांचंही यात नुकसान नाही. अनोळखी घरात शिरून तिथली रीत समजून घेता येणं हे कुठेही उपयोगी पडतं.

मात्र ही नेमणूक नीट करायची असेल तर काही गोष्टी कागदावर आधीच याव्यात. आपल्या शाखेत बहुसंख्य मुली आहेत. त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी राहायला सुरक्षित जागा हवी, जिल्हा रुग्णालयाच्या किंवा नर्सिंगच्या वसतिगृहात खोली मिळू शकते. गावात जायला वाहन हवं. एकटीने अनोळखी घरी जावं लागू नये, जोडीने आणि आशाताईंबरोबर जावं. आशाताईंना कोणत्या घरात मागच्या खोलीत माणूस पडून आहे हे माहीत असतं. त्यांच्याकडून शिकण्यासारखं इतकं आहे की मी तर म्हणेन पहिला आठवडा विद्यार्थ्यांनी फक्त त्यांच्यामागे फिरावं. विद्यावेतन चालू राहावं, प्रवासखर्च वेगळा मिळावा. विद्यार्थ्यांच्या घरच्यांना पदरमोड करायला लावून आपण विद्यार्थी तयार करू नयेत.

आणि मार्गदर्शक हवा. विद्यार्थ्याला गावी सोडून दिलं आणि महिन्याने अहवाल मागितला तर ती सहल होईल. जिल्हा रुग्णालयात व्यवसायोपचार तज्ज्ञाचं पद जिथे आहे तिथे ते भरलेलं असलं पाहिजे, जिथे नाही तिथे निर्माण झालं पाहिजे. तोवर माझ्यासारखे जिल्ह्यांत काम करणारे बरेच जण आहेत, सरकारी नोकरीत नसलेले पण नोंदणी असलेले, अनुभवी. त्यांना विद्यापीठाने क्षेत्रीय मार्गदर्शक म्हणून मान्यता द्यावी. त्यासाठी मानधनापेक्षा एक कागद, एक जबाबदारी आणि महाविद्यालयातल्या मार्गदर्शकाशी पंधरवड्याला एक फोन, इतकं पुरे. विद्यार्थी परत गेला तरी ते घर आमच्याकडेच राहतं, म्हणून जबाबदारी कोणाची हे आधीच ठरलेलं बरं.

माझ्या केंद्रात दोन विद्यार्थ्यांची राहायची, जेवायची सोय मी आजपासून करू शकते. शेजारच्या दोन जिल्ह्यांतल्या माझ्या सहकाऱ्यांशी बोलले आहे, त्यांचीही तयारी आहे. अनिवार्य करायला वेळ लागणार असेल तर येत्या शैक्षणिक वर्षात इच्छुक महाविद्यालयांसोबत एक तुकडी प्रायोगिक म्हणून पाठवावी, तिच्या केसेस अभ्यास मंडळापुढे मांडू द्याव्यात, आणि मग निर्णय घ्यावा. ऊसतोडीवरून माणसं परतल्यावर, मे ते ऑक्टोबर हा काळ आमच्या भागात सगळ्यात सोयीचा आहे, म्हणजे घरं उघडी सापडतात.

अभ्यास मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय विषयपत्रिकेवर घ्यावा, आणि त्या बैठकीला जिल्ह्यात काम करणाऱ्या निदान दोन थेरपिस्टना बोलवावं, ही विनंती. बोलावलंत तर मी वहीची ती चार पानं घेऊन येईन.

कळावे,

आपली,
मराठवाड्यातली एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट